समुद्रपुष्पाचे संगोपन

आमच्या शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेत २०० लिटरची एक काचेची टाकी आहे. तिच्यात खारे पाणी आहे, खडकांची एक लहानशी रास आहे, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची माशांची एक जोडी आहे आणि खडकाच्या खाचेत पाय रोवून बसलेले एक समुद्रपुष्प आहे. पालकसभेला येणारे पालक टाकीसमोर थांबतात आणि बहुतेक सर्वजण पहिला प्रश्न एकच विचारतात, “हे फूल कोणत्या झाडाचे?” ते फूल नसून प्राणी आहे आणि तो कोळंबी खातो, असे विद्यार्थ्यांनी सांगितले की पाहुण्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटते. या प्राण्याला कसे सांभाळावे, काय भरवावे आणि त्याच्या शेजारी कोणते मासे ठेवावेत, याविषयी वारंवार विचारणा होत असल्यामुळे स्मरणिकेच्या निमित्ताने आमचा अनुभव आणि अभ्यास येथे एकत्र मांडीत आहोत.

एका दीर्घायू समुद्रपुष्पाची हकिकत

आरंभी एक जुनी हकिकत सांगणे उचित ठरेल. १८२८ साली सर जॉन डॅलियेल या स्कॉटिश निसर्ग-अभ्यासकाने नॉर्थ बेरिक येथील किनाऱ्यावरील खडकांतून एक लहानसे समुद्रपुष्प उचलून घरी आणले आणि काचेच्या बरणीत ठेवले. तेथे पंप नव्हता, दिवे नव्हते, पाणी तपासण्याची साधनेही नव्हती. होती ती केवळ नियमितता. समुद्राचे पाणी वेळोवेळी बदलले जाई आणि पंधरवड्यातून एकदा अर्धा शिंपला भरवला जाई. १८५१ साली डॅलियेल वारले, समुद्रपुष्प मात्र जिवंत राहिले. ते एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे सोपवले गेले आणि अखेरीस एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात पोहोचले. लोक त्याला प्रेमाने ‘ग्रॅनी’, म्हणजे आजीबाई, म्हणू लागले. या आजीबाईने बरणीत शेकडो पिलांना जन्म दिला. १८८७ साली तिचा अंत झाला. माणसाच्या सांभाळात ती सुमारे ५९ वर्षे जगली होती.

या हकिकतीतून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी, की समुद्रपुष्प हा अल्पायुषी जीव नव्हे. ते लवकर मेले तर बहुधा त्याचे कारण त्याच्या वयात नसून आपल्या सांभाळात असते. दुसरी अशी, की आजीबाईची जात थंड प्रदेशातील आणि भरती-ओहोटीचे हाल सोसणारी होती, तिला प्रकाशावर जगण्याची गरज नव्हती. आज मत्स्यटाक्यांत ठेवली जाणारी उष्ण समुद्रांतील समुद्रपुष्पे तितकी काटक नाहीत. त्यांच्या गरजा वेगळ्या आहेत आणि त्या नीट समजून घ्याव्या लागतात.

हा प्राणी आहे तरी कसा?

समुद्रपुष्प हे प्रवाळ आणि जेलीफिश यांचे नातलग होय. त्याच्या १,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी खाचांत साचलेल्या पाण्यात डोकावले, तर लहान समुद्रपुष्पे आपल्याकडेही पाहावयास मिळतात. पाणी ओसरले की ती अंग आक्रसून मऊ गोळ्यासारखी दिसतात आणि पाणी चढले की पुन्हा फुलतात.

त्याच्या शरीराची रचना साधी आहे. खाली खडकाला घट्ट धरणारा पाय, मध्ये नळकांड्यासारखे धड, वर मध्यभागी तोंड आणि तोंडाभोवती स्पर्शिकांचे वलय. त्याला मेंदू नाही, हाडे नाहीत, कल्लेही नाहीत. जेथून अन्न आत जाते तेथूनच मळ बाहेर पडतो. स्पर्शिकांवर असंख्य सूक्ष्म दंशपेशी असतात. भक्ष्याचा स्पर्श होताच त्यांतून विषारी तंतू सुटतात, भक्ष्य लुळे पडते आणि स्पर्शिका त्याला तोंडाकडे ओढून नेतात.

उष्ण समुद्रांतील मोठ्या समुद्रपुष्पांचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. त्यांच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. हे शैवाल प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. म्हणजे या प्राण्याचा निर्वाह दोन वाटांनी चालतो. एक वाट प्रकाशाची आणि दुसरी तोंडाने घेतलेल्या घासाची. अन्नाने प्रकाशाची उणीव पूर्णपणे भरून निघत नाही, हे सांभाळणाऱ्याने प्रथम लक्षात ठेवावे.

आमची चूक

आम्ही ही टाकी प्रथम मांडली तेव्हा स्नेहसंमेलन एका महिन्यावर आले होते. विज्ञान प्रदर्शनात समुद्रपुष्प दाखवावे, या उत्साहात टाकी भरून तीन आठवडेही झाले नसताना आम्ही मासे आणि समुद्रपुष्प दोन्ही आणले. पहिले तीन दिवस ते एका जागी ठरेना. रात्री काचेवर, सकाळी वाळूवर, अशी त्याची भटकंती चालू राहिली. चौथ्या रात्री ते पंपाच्या तोंडाशी ओढले गेले आणि त्याचे तुकडे झाले. सकाळी पाणी दुधाळ झाले होते, दुर्गंधी येत होती आणि चारपैकी दोन मासे तळाशी पडले होते. प्रदर्शनात त्या वर्षी रिकामी टाकी ठेवली आणि शेजारच्या फलकावर घडलेली हकिकत लिहिली. प्रदर्शनातील मांडणीसाठी आम्ही एका जिवाचा बळी दिला होता, हे विद्यार्थ्यांपासून लपवणे आम्हांला योग्य वाटले नाही. पुढे जे लिहिले आहे, त्यातील बरेचसे त्या चुकीने शिकवलेले आहे.

पाणी आणि धीर

नव्या टाकीतील पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसले तरी ते जिवंत नसते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी आहे. एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट बनवतात, तेही घातकच. दुसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे तुलनेने सौम्य असते. हे जीवाणू खडकांवर व वाळूत पुरेशा संख्येने वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. त्यानंतरच मासे सोडावेत. समुद्रपुष्पासाठी मात्र टाकी किमान सहा महिने स्थिरपणे चाललेली असावी. या सहा महिन्यांत टाकी पिकते, तशी सांभाळणाऱ्याची समजही पिकते.

आमचे गाव समुद्रापासून दूर आहे. त्यामुळे आम्ही आरओ यंत्राच्या शुद्ध पाण्यात मत्स्यालयासाठी मिळणारे समुद्री मीठ मिसळतो. स्वयंपाकघरातील मीठ येथे उपयोगाचे नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि इतर अनेक क्षार असतात. दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ लागते, म्हणजे २०० लिटरला ७ किलो. मिश्रण वेगळ्या पिंपात एक दिवस ढवळत ठेवून मगच वापरावे. पुढील मापे सांभाळावी लागतात.

– विशिष्ट गुरुत्व १.०२४ ते १.०२६
– तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस
– पीएच ८.१ ते ८.४
– अमोनिया व नायट्राइट शून्य, नायट्रेट शक्य तितके कमी

नवशिक्यांची एक चूक नेहमीची आहे. टाकीतील पाणी आटले की ते खारे पाणी ओततात. वास्तविक वाफ होऊन पाणीच जाते, मीठ मागे राहते. म्हणून रोजची तूट गोड्या शुद्ध पाण्यानेच भरावी. याउलट दर आठवड्याला आम्ही २० लिटर पाणी काढून तितकेच खारे पाणी घालतो, त्यासाठी ७०० ग्रॅम मीठ तोलून घेतले जाते. सातवीच्या वर्गाला शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण उत्तम उपयोगी पडते.

मासे आजारी पडल्यास तांबेयुक्त औषध टाकीत कधीही घालू नये. माशांना जे औषध, तेच समुद्रपुष्पाला विष ठरते. आजारी मासा वेगळ्या टाकीत हलवून तेथेच उपचार करावेत.

जागा, प्रकाश आणि प्रवाह

समुद्रपुष्प आपली जागा स्वतः निवडते. आपण त्याला खाचा असलेला खडक द्यावा आणि मध्यम, बदलता प्रवाह द्यावा. पाय लपेल आणि स्पर्शिका उजेडात पसरतील अशी जागा सापडली की ते स्थिरावते. भटकत राहिले, तर पाणी, प्रकाश वा प्रवाह यांपैकी काहीतरी त्याला मानवत नाही असे समजावे. जबरदस्तीने खरवडून हलवल्यास पायाला इजा होते आणि ती जखम बहुधा प्राणघातक ठरते. पंपाच्या प्रत्येक तोंडावर स्पंज किंवा जाळी बसवल्याशिवाय समुद्रपुष्प टाकीत सोडू नये, हा आमच्या नोंदवहीतील पहिला नियम आहे.

घरगुती ट्यूबलाइट त्याला पुरत नाही. प्रवाळांसाठी बनवलेले एलईडी दिवे रोज ८ ते १० तास लागतात. नवे समुद्रपुष्प आणल्यावर प्रथम दिवा मंद ठेवून दोन-तीन आठवड्यांत तो वाढवत न्यावा.

सोबती मासे

समुद्रपुष्प आणि विदूषक मासा, म्हणजेच क्लाऊनफिश, यांची मैत्री सर्वज्ञात आहे. १८६८ साली कथबर्ट कॉलिंगवुड या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने बोर्निओजवळच्या समुद्रात प्रचंड समुद्रपुष्पांच्या आत राहणारे मासे पाहून त्यांची नोंद प्रसिद्ध केली. विदूषक माशांच्या सुमारे ३० जाती आहेत आणि त्यांना आसरा देणाऱ्या समुद्रपुष्पांच्या १० जाती मानल्या जातात.

या माशाच्या अंगावरील श्लेष्माच्या थरामुळे दंशपेशी त्याच्यावर सुटत नाहीत. नवख्या समुद्रपुष्पाजवळ जाताना तो आधी शेपटी, मग पोट असा हलकेच स्पर्श करीत सवय करून घेतो. त्याला शत्रूपासून आश्रय मिळतो. बदल्यात तो समुद्रपुष्प कुरतडणाऱ्या फुलपाखरू माशांना पिटाळतो, परांच्या हालचालीने पाणी खेळते ठेवतो आणि त्याच्या विष्ठेतील नायट्रोजन यजमानातील शैवालाला खत म्हणून लाभतो. आणखी एक नवल असे, की हे मासे जन्मतः नर असतात. गटातील सर्वांत मोठा मासा मादी होतो आणि ती गेली की तिचा जोडीदार मादी बनतो.

नवशिक्यांनी स्पर्शिकांच्या टोकाशी फुगवटा असलेली ‘बबल टिप’ जात निवडावी. तिचे शास्त्रीय नाव एन्टाक्मिया क्वाड्रिकलर असे आहे. मत्स्यटाकीत ही जात इतरांपेक्षा लवकर रुळते आणि आपोआप दुभंगून एकाची दोन होते. बाजारात सहज मिळणारा ओसेलारिस मासा निसर्गात या जातीत राहत नाही, तरी टाकीत पुष्कळदा तिचा स्वीकार करतो. न केल्यास निराश होऊ नये. समुद्रपुष्पाला जगण्यासाठी मासा अनिवार्य नाही आणि सुरक्षित टाकीत माशालाही समुद्रपुष्प अनिवार्य नाही.

इतर मासे निवडताना दोन बाजूंनी विचार करावा. फुलपाखरू मासे व ट्रिगर मासे समुद्रपुष्पाला कुरतडतात. उलट समुद्रघोडे आणि संथ पोहणारे मासे स्पर्शिकांत अडकून स्वतःच भक्ष्य होतात. गालिच्यासारखी पसरणारी मोठी समुद्रपुष्पे तर चपळ मासेही गिळतात, ती शालेय टाकीत ठेवू नयेत.

भरवण्याची रीत

सर्वांत अधिक चुका येथे होतात, म्हणून हा भाग थोडा विस्ताराने लिहितो.

*काय द्यावे?* समुद्रातील मांसाहारच द्यावा. सोललेली कोळंबी, तिसऱ्यांचा गर, म्हाकुळाचा तुकडा, लहान समुद्री माशाचे मांस हे उत्तम. कोंबडीचे वा बकऱ्याचे मांस देऊ नये. मीठ लावलेली, सुकवलेली वा शिजवलेली मासळीही नको. आम्ही आठवडी बाजारातून आणलेली कोळंबी स्वच्छ धुऊन, बारीक तुकडे करून बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवतो आणि लागेल तेवढीच टाकीच्या पाण्यात विरघळवून घेतो.

*किती द्यावे?* तुकडा तोंडाच्या रुंदीपेक्षा मोठा नसावा. आमच्या समुद्रपुष्पाचा विस्तार सुमारे वीतभर आहे, त्याला वाटाण्याएवढा तुकडा पुरतो. मोठा तुकडा दिला तर तो गिळला जातो खरा, परंतु एक-दोन दिवसांनी अर्धवट पचलेल्या स्थितीत बाहेर टाकला जातो आणि पाणी नासवतो. जास्त खाऊ घातल्याने प्रेम व्यक्त होत नाही.

*केव्हा द्यावे?* आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. निरोगी समुद्रपुष्पाला चांगला प्रकाश मिळत असेल तर यापेक्षा अधिक लागत नाही.

*कसे द्यावे?* प्रथम माशांना खायला द्यावे, कारण भुकेला मासा समुद्रपुष्पाच्या तोंडातला घास ओढून नेतो. मग पंप दहा मिनिटे बंद करावा. लांब प्लॅस्टिकच्या चिमट्याने तुकडा स्पर्शिकांना हलकेच लावावा, तोंडात कोंबू नये. स्पर्शिका चिकटून आत वळू लागल्या की चिमटा सोडावा. पाच मिनिटांत घास धरला नाही तर तुकडा काढून घ्यावा आणि दोन दिवसांनी पुन्हा पाहावे. घास आत गेल्यावर पंप सुरू करण्यास विसरू नये. ही विसर पडू नये म्हणून पंप बंद करणाऱ्यानेच तो सुरू करून नोंदवहीत सही करावी, असा आमचा दंडक आहे. हातमोजे घालावेत आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

विदूषक मासे कधी कधी स्वतःच अन्नाचा तुकडा उचलून समुद्रपुष्पात नेऊन टाकतात. हे दृश्य आमच्या विद्यार्थ्यांनी अनेकदा पाहिले आहे. तो परोपकार होय की साठवण, यावर वसतिगृहात रंगलेला वाद अद्याप मिटलेला नाही.

आजाराची लक्षणे

समुद्रपुष्प काही वेळा तासभर आक्रसते आणि तोंडावाटे तपकिरी मळ टाकते, तेव्हा घाबरू नये. मात्र तोंड सतत उघडे व सैल राहणे, स्पर्शिकांची चिकटण्याची शक्ती जाणे, पायाची पकड सुटणे ही गंभीर लक्षणे आहेत. रंग उडून ते पांढरेफटक झाले तर त्यातील शैवाल निघून गेले असे समजावे. पाहुण्यांना असे पांढरे समुद्रपुष्प सुंदर वाटते, पण ते उपासमारीच्या वाटेवर असते. अशा वेळी पाण्याची मापे तपासावीत, प्रकाश बेताने वाढवावा आणि अगदी लहान तुकडे आठवड्यातून दोन-तीनदा द्यावेत. सुधारणेला महिने लागतात. अंग विरघळू लागले आणि कुजका वास आला तर मात्र विलंब न करता ते बाहेर काढावे, अन्यथा माशांचाही जीव जातो.

सुट्टीतील जबाबदारी

निवासी शाळेतील टाकीपुढे एक वेगळी अडचण उभी राहते. दिवाळीत आणि मे महिन्यात वसतिगृह रिकामे होते, टाकी मात्र रिकामी होत नाही. मे महिन्यात पाण्याचे तापमान ३० अंशांच्या वर जाऊ लागते आणि त्याच काळात वीजही वारंवार जाते. पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा सोडल्यास बाष्पीभवनामुळे तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लावावा लागतो. हे करायला तेथे कोणीतरी माणूस असावेच लागते.

ज्यांना सुट्टीत जायला घर नाही किंवा ज्यांचे आईवडील कामासाठी परगावी गेलेले असतात, असे काही विद्यार्थी दरवर्षी वसतिगृहातच राहतात. गेली काही वर्षे टाकीचा भार त्यांनीच उचलला आहे. सकाळी तापमान, दुपारी आटलेले पाणी, संध्याकाळी माशांचे खाणे, अशी त्यांची नोंद अखंड आहे. सुट्टीनंतर परतलेली मुले प्रथम टाकीकडे धावतात आणि तिची हकिकत त्यांना या मुलांकडूनच ऐकावी लागते.

कोठून आणावे?

समुद्रातून ओरबाडून आणलेला जीव विकत घेऊ नये. प्रवाळांना आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये संरक्षण आहे, म्हणून सजावटीसाठी प्रवाळाचे तुकडेही घेऊ नयेत, सिरॅमिकचे सच्छिद्र खडक वापरावेत. विदूषक माशांची पैदास आता बंदिस्त टाक्यांत होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूतील मंडपम येथे त्याचे तंत्र विकसित केले आहे. समुद्रपुष्प घेताना ते टाकीत दुभंगून वाढलेले आहे ना, याची चौकशी करावी. तोंड घट्ट मिटलेले, पाय अखंड आणि रंग तपकिरी, हिरवा वा लालसर असलेलेच घ्यावे. घरी आणल्यावर टाकीचे पाणी थेंबाथेंबाने मिसळत तासभर सवय करून द्यावी. सहा महिने थांबण्याची तयारी नसेल, तर ते आणूच नये. सार्वजनिक मत्स्यालय असो वा कोकणातील ओहोटीचा किनारा असो, समुद्रजीव पाहण्याचा आनंद ते विकत न घेताही मिळतो.

समारोप

आमचे दुसरे समुद्रपुष्प गेली सहा वर्षे खडकाच्या त्याच खाचेत आहे. मध्यंतरी ते एकदा दुभंगले आणि त्याचा दुसरा भाग आम्ही एका शेजारच्या विद्यालयाला नोंदवहीच्या प्रतीसह दिला. त्याला प्रथम घास भरवणारे विद्यार्थी आज महाविद्यालयात आहेत. दरवर्षी दहावीची तुकडी निरोप घेते, तेव्हा टाकीची नोंदवही नववीच्या हाती सोपवली जाते. एडिंबरोची आजीबाई अशाच हातांतून हातांत जात ५९ वर्षे जगली. आमच्या नोंदवहीची सध्या तिसरी वही चालू आहे. पुढील वह्या या स्मरणिकेच्या बालवाचकांनी लिहावयाच्या आहेत आणि प्रत्येक ओळीपुढे, पंप सुरू केल्यावर, सही करावयाची आहे.